आत जाताना उजवीकडे

पेणच्या आमच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागच्या भिंतीवर, एक फोटो गेली सहा वर्षं टांगलेला आहे. कौलारू घराचं दार, दारातून बाहेर पडणारी एक म्हातारी आणि चौकटीवर टेकलेला तिचा डावा हात. फोटोखाली एक कार्ड आहे. त्यावर पहिल्यांदा लिहिलेलं असं: ‘मिठागराच्या मुकादमाचे घर, खारेपाट. चौकटीतील खाच आडणा बसवण्यासाठी.’ दार आतून बंद करायला आडवा दांडा घालतात, तो आडणा. कार्डावरचं अक्षर माझं आहे. घर खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं आहे आणि चौकटीला खाच आहे, एवढं खरं. मुकादम आणि आडणा मी घातले. चुकून नव्हे, जाणूनबुजून घातले. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. हे सांगायला आणखी उशीर केला तर सांगायचं राहूनच जाईल.

मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली किती गावं मी साखळी आणि फलक घेऊन पायी मोजली, ते मलाही आता सांगता येणार नाही. निवृत्त झाल्यावर मुलीनं एक चांगला कॅमेरा घेऊन दिला. तेव्हा ठरवलं की या भागातल्या जुन्या इमारती पडायच्या आत त्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येकीची नीट नोंद करायची. भाताच्या गिरण्या, चावड्या, मिठागरांच्या चौक्या, नदीकाठच्या धर्मशाळा. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं लावायचो, पातळी बघायचो, भिंत सरळ येईल असा फोटो काढायचो आणि मग टेप काढून लांबी-रुंदी वहीत लिहायचो. माझे फोटो सरळ आहेत. त्याबद्दल कुणाला काही म्हणता येणार नाही.

ज्याच्याविषयी हे सांगतोय, त्या माझ्या मित्राशी ओळख झाली ती रोह्याजवळच्या एका धर्मशाळेपाशी. हा माणूस समोरच्या दगडावर बसला होता, मांडीवर फोन. जावयानं टाकून दिलेला, कोपऱ्याला काच तडकलेला फोन.

मी म्हटलं, “जरा सरकता का? फ्रेममध्ये येताय.”

“सरकतो की,” म्हणून तो सरकला आणि दुसऱ्या दगडावर जाऊन बसला. काही करत नव्हता. नुसता बसला होता. मी माझं काम उरकत आणलं, तेवढ्यात एक बाई डोक्यावर ओल्या गोधड्या घेऊन आली आणि तिनं त्या धर्मशाळेच्या कठड्यावर पसरायला सुरुवात केली. माझी फ्रेम गेली. मी चरफडत तिकाटणं मिटलं. तेव्हा तो उठला, एकच फोटो काढला आणि मला दाखवायला आला.

माझ्या फोटोत ती धर्मशाळा पडायची वाट बघत होती. त्याच्या फोटोत ती अजून कुणाच्या तरी उपयोगाची होती.

“कुठं शिकलात?” मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

“शिकतोय कुठला! कंपनीत बॉयलरवर होतो. तीस वर्षं काट्याकडं बघत बसलो. काटा हलायच्या आधी हलणार हाय ते कळावं लागतं, नायतर शिफ्ट उडते.”

“शिफ्ट उडते म्हणजे?”

“शिफ्ट म्हणजे आमी सगळे, साहेब.”

त्या दिवशी घरी येऊन मी माझे धर्मशाळेचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. त्यात कुठेही गोधडी नव्हती, आणि ती नाही याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

पुढं आम्ही दर रविवारी बरोबर फिरायला लागलो. तो सकाळच्या गाडीनं रोह्याहून पेणला यायचा. तो मला मोजणीसाहेब म्हणायचा, मी त्याला ऑपरेटर म्हणायचो. लोकांना आमची जोडी चांगली वाटायची. एकाकडे माहिती, दुसऱ्याकडे नजर, असं वाचनालयाचे लोक म्हणायचे. बोलणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण मी ते वाक्य घरी घेऊन यायचो आणि दोन-दोन दिवस चघळायचो. माहिती काय, वहीत असते. वही कुणीही उघडतं. नजर कुठून आणायची?

शिवाय लोक त्याच्याशी बोलायचे. मी गावात शिरलो की माणसं उठून उभी राहायची, सातबारा आणू का म्हणायची. तो शिरला की त्याला चहा मिळायचा. माझ्या घरीसुद्धा तेच. बायको त्याच्या पानात सुकटीचं दुसरं वाढण घालायची, मी विचारल्याशिवाय मला मिळायचं नाही. एकदा मी म्हटलं, “त्यांनाच सगळं वाढ.” तर म्हणाली, “ते जेवतात तरी. तुम्ही भाकरी गोल आहे की नाही ते बघत बसता.” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. आतून मला ते पान उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं होतं.

असं तीन वर्षं चाललं, आणि मग ते घर आलं.

वडखळला एसटीतून उतरून आम्ही मिनिडोरनं, म्हणजे सहा आसनी रिक्षानं, बांधापर्यंत गेलो आणि पुढं बांधावरून चालत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. गाव मला नवं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मीच त्या गावठाणाची मोजणी केली होती. गावाच्या टोकाला ते घर. बसकं, कौलारू, पण दाराची चौकट सागाची, घराच्या मानानं फार भारी. अंगणात घाण्याचं दगडी उखळ अर्धं जमिनीत गेलेलं. त्याच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेलं.

घरची म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं डोळे बारीक केले.

“तुमी साखली घेऊन आल्ते ना मागं?”

“हो,” मी खूश होऊन म्हटलं.

“आमचे परसाचा कोपरा तुमीच खाल्लात.”

“आजी, कोपरा मी नाही खाल्ला. नकाशात होता तेवढाच दाखवला.”

“नकाशा काय जेवला व्हय? आमची शेवग्याची झारं गेली ती गेलीच.” मग तिनं माझ्या मित्राकडे बघितलं. “तू कं उभा र? बस. पानी आनते.”

तो तिथल्या तिथं तिचा झाला. उखळाजवळ उकिडवा बसून त्यानं विचारलं, “आये, घाना कोनाचा गो?”

“कोन तेली व्हता म्हनं आमचे सासऱ्याच्या आदी. मुलुख सोरून गेला. आमचे सासऱ्यानं बी चालवला थोरे दिस. पन शनवारी नाय.”

“शनवारी का नाय?”

“शनवारी ह्या घरान घाना नाय जुपायचा. सासू सांगून गेली.”

“कोनाचा नेम?”

“मना काय ठावं. घराचाच नेम हाय तो.”

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “अहो, शनिवारी तेल कुणीच घेत नाही. साडेसाती मागं लागते. त्यात काय एवढं?” हे मी तोवर मनापासून म्हणत होतो. या मुलुखात वाढलेला कुणीही हेच म्हणाला असता. शनिवार आणि तेल म्हटलं की आपल्याला एकच कारण सुचतं आणि मग आपण पुढं बघत नाही.

म्हातारी सुकत घातलेली मासळी बघायला बाहेर गेली. परत आली. कोंबडी हाकलायला पुन्हा बाहेर गेली. मी माझं मोजमाप काढत होतो. मित्र अंगणात नुसता उभा होता. तिसऱ्यांदा ती बाहेर पडली तेव्हा त्यानं फोन वर केला आणि एक फोटो काढला. तोच हा भिंतीवरचा.

मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, एक सांगा. बायका बाहेर जाताना उंबऱ्याला हात लावतात. ही चौकटीला लावते. आणि डावा हात लावते. दर टायमाला. आपल्यात डावा हात कोन लावतो?”

मी चौकटीपाशी गेलो. जिथं तिचा हात टेकायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं, पायरीचा दगड होतो तसं. आणि त्या गुळगुळीत भागाच्या मधोमध एक उभी खाच. बोटाएवढी लांब. वर-खाली एकेक खिळ्याचं भोक.

मला लगेच कळलं.

पेणला नोकरीला लागलो तेव्हा माझे पहिले घरमालक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, होते. म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांच्या दाराला अशीच बोटाएवढी पत्र्याची नळी ठोकलेली होती. म्हातारे आत-बाहेर करताना तिला बोटं लावायचे आणि ती ओठांना टेकवायचे. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आत देवाचं वचन लिहिलेली चामड्याची पट्टी आहे. “आत जाताना उजवीकडे,” ते म्हणाले होते. “म्हणून बाहेर जाताना डावा हात लागतो. तुम्ही लावू नका हो, तुमच्यात चालणार नाही.” त्यांचे पूर्वज या खाडीकाठच्या गावांतून तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे. त्यांना लोक शनिवार तेलीच म्हणायचे. हे सगळं त्यांनीच मला संध्याकाळच्या चहावर सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी ते दोघं मुलाकडे इस्रायलला गेले.

म्हणजे ही खाच त्या नळीची होती. नळी गेली, माणसं गेली. त्यांच्यामागून आलेल्या आगरी कुटुंबातल्या बायका कारण न विचारता ती जागा हातानं जपत राहिल्या. सासूनं लावला म्हणून सुनेनं लावला. माझ्या सगळ्या वह्यांत मिळून एवढी मोठी गोष्ट नव्हती.

आणि ती त्याला सापडली होती. तीस वर्षांपूर्वी माझा माणूस याच चौकटीला टेपचं टोक धरून उभा होता. मी याच ओट्यावर पाणी प्यायलो होतो. खूण ओळखणारा त्या गावात मी एकटा होतो आणि मला ती दिसली नव्हती. ज्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यानं एका सकाळीत फक्त बसून ती पाहिली.

“कसली खाच असेल हो?” त्यानं विचारलं. माझ्याच तोंडाकडे बघत होता. मी सांगेन ते तो मानणार होता.

“आडण्याची,” मी म्हटलं.

“उभी?”

“जुन्या घरात असते तशी.”

“पन दुसऱ्या बाजूला नाय.”

“बुजवली असेल.”

“आनि तेली?”

तेव्हा मी ते बोललो, जे आजवर मला टोचतं. मी म्हटलं, “तेली ऐकीव आहे. रेकॉर्डला मिठागराचा मुकादम आहे.”

रेकॉर्डला तसं काही नव्हतं. मी उभ्या आयुष्यात रेकॉर्डबाबत खोटं बोललो नव्हतो, आणि त्यालाही ते माहीत होतं. तो मान हलवून म्हणाला, “रेकॉर्डला असंल तर संपलं.” आणि कोंबड्यांकडे बघायला लागला.

गंमत अशी की वहीत मी खरंच लिहिलं. हाताला सवय. त्या दिवशीचं पान माझ्यासमोर आहे: ‘चौकटीत खाच, उभी, चार इंच. उंबऱ्यापासून चार फूट दोन इंच. आत जाताना उजवीकडे. डावीकडे खाच नाही, बुजवल्याची खूण नाही.’

त्या हिवाळ्यात वाचनालयानं आमच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मित्र म्हणाला, “तुमचं अक्षर छापल्यासारखं हाय.” मी कार्ड लिहिलं. मला वाटलं होतं, गोष्ट काढून घेतली की फोटोत काही उरणार नाही. पण लोक त्याच फोटोसमोर थांबत होते. कार्ड वाचत होते, पुन्हा वर बघत होते आणि काहीतरी राहिलं असल्यासारखे तिथंच उभे राहत होते. माझ्या सरळ भिंतींसमोरून ते पुढं सरकत होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मोजत होतो, कोण कुठं किती वेळ थांबतं ते. मोजायची सवयही कधी कधी शाप असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बायका आल्या. मित्र तेव्हा जेवायला माझ्याच घरी गेला होता. एक म्हातारी, माझ्याहून मोठी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. दुसरी तिची मुलगी. मुलीला मराठी येत नव्हतं. म्हातारीचं मराठी मात्र असं होतं की मला माझे पहिले घरमालक आठवले.

“भाऊ, तुम्ही इथलेच का हो?” तिनं विचारलं. “मी नऊ वर्षांची असताना गेले इथून. आमचा तेलाचा घाणा होता खारेपाटात. गावाचं नाव म्हणाल तर दोन-तीन नावं डोक्यात आहेत, त्यातलं कुठलं ते कळत नाही. दारातून खाडी दिसायची, एवढं आठवतं. दोन दिवस रिक्षानं फिरतोय.”

मी म्हटलं, “फोटो बघा. असेल एखादं.”

ती एकेक फोटो बघत आली आणि त्या फोटोपाशी थांबली. खूप वेळ थांबली. मी तिच्यापासून तीन हातांवर होतो. तिनं चश्मा कपाळावर केला, वाकून कार्ड वाचलं आणि पुन्हा वर पाहिलं.

“मुकादमाचं,” ती म्हणाली. “नाही. आमचं तेलाचं होतं.” मग खाचेवर बोट ठेवून तिनं मला विचारलं, “भाऊ, ही खाच कसली म्हणायची?”

मी तोंड उघडलं तेव्हा मला अजून सांगता आलं असतं. पण दारातून मित्र आत येत होता, पोट भरलेला, माझ्या बायकोनं दिलेल्या पोह्यांच्या पापडांचा डबा हातात घेऊन. त्याला बघितलं आणि मी म्हणालो, “आडण्याची.”

“असेल,” ती म्हणाली. “आमच्याकडेही आडणा होता.” आणि पुढच्या फोटोकडे गेली.

जाताना तिनं अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. अक्षर लहान मुलीचं, नऊ वर्षांचंच राहिलेलं. ‘फोटो चांगले आहेत. आमचे घर सापडले नाही.’ खाली मुलीचा फोन नंबर. प्रदर्शन संपल्यावर तो फोटो कार्डासकट वाचनालयाच्या भिंतीवरच राहिला. ती वही मी वाचनालयाच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मी कार्यकारिणीवर होतो. किल्ली माझ्याकडेच असायची.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही पूर्वीसारखेच फिरलो. तो मला पूर्वीसारखंच विचारायचा, मी सांगायचो, आता खरं सांगायचो. पण त्या खारेपाटातल्या गावाला मी फाटा देत राहिलो. तिकडचा रस्ता खराब आहे, पाणी भरलंय, पुढच्या रविवारी बघू. माणसानं एखाद्याचं काही चोरलं की त्याच्यावरचा राग जावा, असं मला वाटायचं. तो गेला नाही. आपलं काही गेलं आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं, तो मजेत झोपत होता, याचाही मला हेवा वाटायचा.

या वर्षी मार्गशीर्षात त्याचा फोन आला. “मोजणीसाहेब, ती खारेपाटातली म्हातारी आठवते? घर पाडतायत. सुनेनं फोन केलता.” सुनेनं अर्थात त्यालाच फोन केला होता. नाही म्हणायला मला काही सुचलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा कौलं उतरून अंगणात रचली होती. टेम्पोत जुनं लाकूड चढवत होते. चौकट सोडवून आडवी ठेवलेली. म्हातारी चौकटीच्या एका खांबावर बसलेली, पदर खोचून. तिचा मुलगा आणि लाकूडवाला समोर उभे.

“आये, ऊठ. टेम्पो थांबलाय.”

“ह्यो नाय देनार.”

“अगो त्याला वालवी लागलीय.”

“मना बी लागलीय. मना बी घाल टेम्पोत.”

लाकूडवाला तोंड फिरवून हसला. मुलगा हात जोडून म्हणाला, “नव्या घराला ग्रॅनाइटची चौकट हाय. ह्यो खांब कुठं लावू?”

“कुठं बी लाव. मी बाहेर जाताना हात कंच्याला लावू, त्ये सांग.”

माझा मित्र माझ्याकडे वळला. चेष्टा नव्हती, संशयही नव्हता. एक अडलेला हिशेब विचारावा तसं म्हणाला, “साहेब, आडन्याच्या खाचेला कोन इतकं धरून बसतं का?”

मी कौलांच्या ढिगाऱ्यावर बसलो आणि सांगितलं. घरमालक, नळी, शनिवार, मुकादम, कार्ड. टोपीवाली बाई. वही. सगळं. म्हातारी ऐकत होती. तिचा मुलगाही ऐकत होता. लाकूडवाला टेम्पोला टेकून ऐकत होता.

पहिल्यांदा म्हातारी बोलली. “म्हंजे देव हाय त्याच्यान?”

“होता, आजी.”

“मंग मुलाला सांग तू. तुझं ऐकंल. तू सरकारी हाईस.” आणि मुलाकडे बघून, “ऐकलास? मी उगाच नाय बसले.”

 मित्रानं खांबाच्या खाचेवर बोट फिरवलं. मग विचारलं, “त्या बाईंचा नंबर हाय अजून?”

“कपाटात आहे.”

परतीच्या मिनिडोरमध्ये तो बाहेर बघत होता. वडखळच्या नाक्यावर उतरल्यावर म्हणाला, “फोटोचं सोडा. फोटो माझा नायतरी कुठला, म्हातारीचा हात तो. पन तुमी रेकॉर्ड म्हनालात. मी रेकॉर्डपुढं काय बोलनार होतो?” मग म्हणाला, “मला दिसलेलं मीच खोटं मानलं, साहेब. सहा वर्षं.” रोह्याच्या एसटीत तो चढला. मला हात केला नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही. बायकोनं दोन्ही वेळा त्याच्यासाठी जास्तीचा तांदूळ घातला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून काढून ठेवला.

तिसऱ्या रविवारी आला. मी वही कपाटातून आणून ठेवली होती. आम्ही त्याच्या फोनवरून त्या मुलीला फोटो पाठवला, कारण मूळ फोटो त्याच्याकडे होता. मी फक्त मापं सांगितली. चार इंच. चार फूट दोन इंच. आत जाताना उजवीकडे. आणि कार्ड चुकीचं होतं, मी जाणून चुकीचं लिहिलं होतं, हेही त्याला टाइप करायला लावलं. त्यानं ‘जाणून’ लिहायला खळखळ केली. मी धरून बसलो.

उत्तर चार दिवसांनी आलं, त्याच्या फोनवर. ते ऐकवायला तो मुद्दाम गाडी पकडून आला. आवाज तिचाच होता, थोडा थकलेला. तिनं त्याला भाऊ म्हटलं, पुन्हा पुन्हा. “भाऊ, ते आमचंच घर. चार फूट दोन इंच म्हणता ना? मी तिथवर पोचत नव्हते. बाबा मला काखेत धरून उचलायचे आणि म्हणायचे, लाव. मला वाटायचं ते फार उंच आहे. बाबा फार उंच आहेत.” मग हसल्याचा किंवा खोकल्याचा आवाज. “त्या आजींना सांगा, लावत जा म्हणावं. आणि ते दुसरे भाऊ होते ना, आडणा म्हणालेले, ते बरे आहेत ना?”

मित्रानं फोन खाली ठेवला. “काय सांगू? बरे हायत?”

“सांगा बरे आहेत,” मी म्हटलं. “अजून जळतायत म्हणून सांगा.”

“ते तिला दिसलंच असंल,” तो म्हणाला.

खांब टेम्पोत गेला नाही. नव्या घराच्या ग्रॅनाइटच्या चौकटीला लागून, आत जाताना उजवीकडे, तो भिंतीत पुरून उभा केला आहे. वर काही टेकलेलं नाही, खाली काही धरलेलं नाही. नुसता उभा आहे. मापाला मी गेलो होतो. खाच उंबऱ्यापासून चार फूट दोन इंच यावी म्हणून गवंड्याला दोनदा खांब काढायला लावला. म्हातारी म्हणाली, “आता कोपरा बी परत दे.”

राहिलं कार्ड. मोजणी खात्यात चुकीची नोंद खोडून काढायची पद्धत नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर खरं लिहायचं आणि बाजूला सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते कायम दिसत राहतं. मागच्या सोमवारी मी वाचनालयात तसंच केलं. जुन्या दोन ओळींवर रेघ मारली. वर लिहिलं: ‘शनिवार तेल्याचे घर. खाच त्यांच्या देववचनाच्या नळीची. पूर्वीची नोंद मी खोटी केली होती. खाच पाहिली आणि फोटो काढला तो माझ्या रोह्याच्या मित्राने.’ सही केली. त्याचं नाव लिहायचं होतं, पण त्यानं लिहू दिलं नाही. म्हणाला, “कंपनीत बोर्डावर नाव लागलं की मेमो यायचा. नको.”

ग्रंथपाल म्हणाले, नवं कार्ड छापून घेऊ. मी नको म्हटलं.

काल रविवारी आम्ही दोघं तिथं वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. दोन कॉलेजच्या मुली आल्या, कार्डाशी वाकल्या, रेघेखालचं वाचलं, वरचं वाचलं, पुन्हा रेघेखालचं वाचलं. एकमेकींकडे बघितलं आणि सही कुणाची ते शोधायला लागल्या. वर फोटोकडे त्यांची मान गेलीच नाही.

माझ्या मित्रानं पेपर खाली केला. “बघा,” तो म्हणाला, “आता माझा फोटो कोन बघतंय? सगळे तुमचं खोडलेलंच वाचनार.”

मी त्याला म्हटलं, तसं काही नाही, त्या बघतील. पण खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं होतं. मग उठलो, मुलींच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, “अगं, आधी तो हात बघा. डावा आहे.”